शेवटून दुसऱ्या बाकावरून: पाळकांना आणि पंचांना एक खुलं पत्र

आदरणीय पाळकसाहेब, मंडळीचे वडील, पंच आणि कमिटीचे सर्व सभासद यांस,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सप्रेम सलाम.

मी अकरा वर्षं शेवटून दुसऱ्या बाकावर बसलो. उपासना क्वचितच चुकवली. दानार्पण दिलं, प्रभुभोजन घेतलं, शेवटचा आशीर्वाद झाला की बाहेर पडलो. त्या अकरा वर्षांत मंडळीसाठी मी एक खुर्चीसुद्धा उचलली नाही. तुमच्या सभांमध्ये ज्यांना ‘निष्क्रिय सभासद’ म्हणतात त्यांच्यातलाच मी एक. म्हणून त्या बाकाच्या वतीने हे पत्र लिहितो आहे.

तुमची तक्रार मला ठाऊक आहे. संडे स्कूलला शिक्षक मिळत नाहीत. आजाऱ्यांना भेटायला पाळकांसोबत कोणी येत नाही. क्वायरमध्ये तेच सहा आवाज, आणि उपासनेनंतर खुर्च्या लावायला तेच दोघं. निवडणूक होते, कमिटी बदलते म्हणतात, आणि नावं तीच राहतात. मग व्यासपीठावरून सूचना होते, ‘ज्यांना सेवा करायची इच्छा आहे त्यांनी उपासना संपल्यावर भेटावं.’ कोणी भेटत नाही. तुम्ही घरी जाताना मनाशी म्हणता, लोकांना आस्थाच उरलेली नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आमच्या बाकावरच्या बहुतेकांना आजवर कोणी विचारलेलंच नाही. सूचना ऐकवली, ती सगळ्यांना. जी गोष्ट सगळ्यांना सांगितली जाते ती आपल्यासाठी आहे असं कोणालाच वाटत नाही. जवळ येऊन, नाव घेऊन, ‘या कामासाठी मला तुमची आठवण झाली’ असं कोणी म्हटलं नाही.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला तुम्ही कितीतरी वेळा समजावून सांगितला असेल. बहुतेक वेळा आपण मजुरीच्या वादावर बोलतो, शेवटच्याला पहिल्याइतकं का मिळालं यावर. मला त्यातला अकराव्या ताशीचा, म्हणजे दिवस संपत आला असतानाचा, संवाद अस्वस्थ करतो. धनी विचारतो, तुम्ही दिवसभर रिकामे का उभे आहात? ते उत्तर देतात, आम्हाला कोणी कामाला लावलं नाही म्हणून. धनी त्यांना आळशी म्हणत नाही. त्यांचं उत्तर तो मान्य करतो आणि मळ्यात पाठवतो. आणखी एक गोष्ट पाहा. पहाटे, तिसऱ्या ताशी, सहाव्या ताशी, नवव्या ताशी आणि अकराव्या ताशी, असा पाच वेळा तो स्वतः बाहेर पडला. त्याने मळ्याच्या फाटकावर पाटी लावली नाही.

मी नाव दिलं नव्हतं असंही नाही. एकदा एका मंडळीत छापील फॉर्म वाटले होते. कोणकोणती सेवा कराल, त्यापुढे खूण करा. मी तीन ठिकाणी खूण केली, फोन नंबर लिहिला आणि फॉर्म दानाच्या थैलीत टाकला. त्या फॉर्मबद्दल मला कधीच कोणी काही विचारलं नाही. सहा महिन्यांनी त्याच व्यासपीठावरून ‘कोणी पुढे येत नाही’ असं ऐकलं, तेव्हा माझ्यातलं काहीतरी मिटलं. हे मी उट्टं काढण्यासाठी लिहीत नाही. ज्याने फॉर्म गोळा केले तोही दहा कामांनी वाकलेला असणार. पण दिलेलं नाव हवेत राहिलं की तो माणूस दुसऱ्यांदा हात वर करत नाही. तुमच्या कपाटात असे फॉर्म असतील तर ते आधी काढा.

मला कामाला लावलं ते आमच्या मंडळीतल्या एका वयस्कर मावशींनी. त्या कमिटीत नव्हत्या. एका रविवारी उपासना सुटल्यावर त्या माझ्या बाकाशी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “तू नेहमी दार उघडायच्या आधीच बाहेर येऊन उभा असतोस, मी बघते रे. माझे गुडघे आता पायऱ्या चढू देत नाहीत. पुढचे चार रविवार दार तू उघडशील का? मी असेन सोबत.” आणि त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला. लोखंडी कडीत सात किल्ल्या. मोठ्या दाराच्या किल्लीला लाल दोरा बांधलेला, वेस्ट्रीची, म्हणजे पाळकांच्या तयारीच्या खोलीची, किल्ली जराशी वाकलेली, ती कुलपात अर्धी घालून मग वर उचलायची. एक पितळी किल्ली कशाची हे त्यांनाही आठवत नव्हतं, पण ती काढून टाकायची नाही असं त्यांनी बजावलं.

चार रविवार त्या खालच्या पायरीवर बसून राहिल्या. एकदाच त्यांनी मला टोकलं. वेदीजवळची खिडकी आधी उघडू नकोस, वाऱ्याने बायबलची पानं उलटतात आणि वाचणाऱ्याने लावून ठेवलेली खूण निसटते. पाचव्या रविवारी दार उघडायला त्या आल्याच नाहीत. उपासनेच्या वेळेला आल्या आणि नेहमीच्या जागी जाऊन बसल्या. किल्ल्या माझ्याकडेच राहिल्या.

यात काय काय होतं ते मला नंतर समजलं. त्यांनी मला पाहिलं होतं. माझ्या ज्या सवयीची मला स्वतःला किंमत नव्हती, तिचा त्यांना उपयोग दिसला. काम लहान होतं, पण खरं होतं. मी गेलो नाही तर दार बंदच राहणार होतं. मुदत ठरलेली होती, चार रविवार, म्हणून हो म्हणायची भीती वाटली नाही. त्या सोबत होत्या, आणि वेळ झाल्यावर बाजूला झाल्या. सेवेसाठी माणूस कसा घडवायचा यावर मी पुष्कळ व्याख्यानं ऐकली आहेत. त्या मावशींनी पायरीवर बसून जे केलं त्याच्या पलीकडचं त्यांत फारसं काही नव्हतं.

दार उघडणारा माणूस सगळ्यांना येताना पाहतो. दोनेक महिन्यांत मला माणसं कळू लागली. एक आजोबा आपली छत्री नेहमी डावीकडच्या तिसऱ्या खुंटीला लावत. सलग तीन रविवार ती खुंटी रिकामी दिसली. चौकशी केली तर ते घरात पडले होते आणि मंडळीत कोणाला पत्ता नव्हता. मी त्यांच्याकडे जाऊ लागलो. त्यांना डोळ्यांनी दिसत नव्हतं, म्हणून स्तोत्र वाचून दाखवू लागलो. ‘भेटीची सेवा’ मला कोणी सोपवली नव्हती. सोपवली असती तर मी नाही म्हटलं असतं, मला लोकांशी बोलता येत नाही म्हणून. किल्ल्यांनी मला तिथवर नेलं.

आता तुमच्या कामाविषयी लिहितो. आगाऊपणा वाटला तर क्षमा करा.

इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल म्हणतो की ख्रिस्ताने प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक आणि शिक्षक दिले ते पवित्र जनांना सेवेच्या कामासाठी सिद्ध करावं म्हणून. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात ‘पवित्र जन’ या शब्दापाशी एक स्वल्पविराम पडला होता. तो वाचला की जनांना सिद्ध करणं हे एक काम आणि सेवा करणं हे दुसरं, आणि दोन्ही पाळकाचीच, असा अर्थ निघतो. प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत तसा विराम नव्हता. सेवा जनांनी करायची आणि पाळकाने त्यांना त्यासाठी तयार करायचं, असाच अर्थ आज बहुतेक भाषांतरांत आहे. पण तो स्वल्पविराम पुष्कळ मंडळ्यांच्या वागण्यात अजून शिल्लक आहे. उपदेश पाळकांचा, प्रार्थना पाळकांची, भेटी पाळकांच्या, आणि मंडळी म्हणजे बघणारे.

‘सिद्ध करणं’ यासाठी तिथे जो ग्रीक शब्द आहे, त्याच धातूचा शब्द मार्काच्या पहिल्या अध्यायात येतो. जब्दीचे मुलगे, याकोब आणि योहान, तारवात बसून जाळी नीट करत होते, तिथे. फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन एकेक गाठ मारणं, हे ते काम. ते दुरून आवाज देऊन होत नाही. जाळं हातात घ्यावं लागतं, कुठे फाटलंय ते बोटांनी चाचपावं लागतं.

तुम्ही थकता हे मी पाहतो. मोशेही थकला होता. निर्गमाच्या अठराव्या अध्यायात तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसतो आणि लोक ताटकळत उभे राहतात. सासरा इथ्रो त्याला स्पष्ट सांगतो की अशाने तूही झिजशील आणि हे लोकही. लोकही, हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. एकाने सगळं केलं की बाकीचे नुसते रिकामे राहत नाहीत, तेही खचतात. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमले गेले. मंडळीत सगळ्यात दुर्लक्षित राहतो तो दहांवरचा नायक. दहा जणांची नावं, घरं आणि दुखणी माहीत असलेला माणूस व्यासपीठावर कधी दिसत नाही, पण मंडळी उभी असते ती त्याच्या जिवावर. १७४२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या मेथडिस्ट पंथीयांनी प्रार्थनागृहाचं कर्ज फेडण्यासाठी बारा-बारा जणांचे गट केले. एकाने बाकीच्या अकरांकडे दर आठवड्याला जाऊन एक पेनी गोळा करायची. पैशासाठी सुरू झालेल्या या फेऱ्यांत त्या साध्यासुध्या माणसांना घराघरांतली खरी परिस्थिती कळू लागली. त्यांचा पुढारी जॉन वेस्ली याने ते ओळखलं आणि त्यातूनच मेथडिस्टांच्या वर्गसभा उभ्या राहिल्या.

जो कुरकुर करतो त्याला दूर ठेवायचा मोह होतो. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय पाहा. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, अशी तक्रार आली. प्रेषितांनी तक्रारदारांना गप्प केलं नाही. मंडळीला सात जण निवडायला सांगितले, आणि त्या सातांची नावं वाचली तर स्तेफनापासून निकलावापर्यंत सगळी ग्रीक आहेत. ज्या गटाला दुखलं होतं त्याच्याच हाती वाटप सोपवलं गेलं असं दिसतं. मागच्या बाकावर बसून ‘इथे तरुणांकडे कोणी बघत नाही’ असं पुटपुटणारी बाई तुम्हाला खटकत असेल. तरुणांच्या कामाची खरी कळकळ कदाचित तिलाच आहे.

सेवा म्हणजे काय, हेही आपण फार अरुंद करून ठेवलं आहे. गाता येतं, बोलता येतं, वाचता येतं त्यांना जागा मिळते. नहेम्याचा तिसरा अध्याय उपासनेत कोणी वाचत नाही, नुसती नावांची यादी म्हणून. पण यरुशलेमेचा कोट बांधायला त्या यादीत याजक आहेत, सोनार आहेत, सुगंधी द्रव्यं बनवणारा आहे, व्यापारी आहेत, आणि शल्लूम नावाचा एक अधिकारी आपल्या मुलींसह आहे. यांतले गवंडी किती? कित्येकांना तर आपापल्या घरासमोरचाच भाग दिला होता. कोट बावन्न दिवसांत पुरा झाला. तकोवाच्या थोरामोठ्यांनी मान वाकवली नाही, हेही तिथेच नोंदलेलं आहे, म्हणजे नकार देणारे तेव्हाही होते. पण नहेम्या त्यांच्यावर एका ओळीपेक्षा जास्त खर्च करत नाही.

तुमच्या यादीत हिशेब तपासू शकणारी, वायरिंग दुरुस्त करणारी, रात्रपाळीमुळे फक्त दुपारी मोकळी असणारी, अंथरुणाला खिळलेली पण फोनवर प्रार्थना करू शकणारी माणसं आहेत. दुर्कस कपडे शिवत असे. तिच्या मृत्यूनंतर विधवांनी पेत्राला साक्ष म्हणून काय दाखवलं, तर तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रं.

आणि आमच्यातल्या काहींना भीती वाटते. पैशांच्या दाखल्यात धन्याने सोपवलेली रक्कम पुरून ठेवणाऱ्या तिसऱ्या चाकरावर आपण तुटून पडतो, पण तो स्वतः काय म्हणतो? मी भ्यालो. मूळ भाषेत त्याला दिलेल्या रकमेला ‘तालांत’ म्हटलं आहे. एक तालांत म्हणजे सहा हजार दीनार, आणि एक दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. जवळजवळ वीस वर्षांची कमाई! ती जमिनीत पुरणाऱ्याला आपला वाटा छोटा वाटला नव्हता, धनी कठोर वाटला होता. त्याची चूक झाकायची नाही, दाखल्यातही ती झाकलेली नाही. पण मंडळीत चुकणाऱ्याला चारचौघांत बोल लावले जातात हे आम्ही पाहतो, तेव्हा आम्हीही पुरून ठेवतो. पहिल्यांदा शास्त्रवाचन करणारी मुलगी एका नावावर अडखळली आणि पुढच्या बाकावर हसू फुटलं, असं मी पाहिलं आहे. ती पुन्हा उठली नाही. सेवेचं आवाहन करण्याआधी ते हसू थांबवा.

काही जण निष्क्रिय नाहीत, दमलेले आहेत. वीस वर्षं संडे स्कूल चालवलं, आभाराचा एक शब्द न मिळता बाजूला झाले, आणि आता त्यांच्याकडे ‘थंड पडलेले’ म्हणून पाहिलं जातं. त्यांना लगेच नवं काम देऊ नका. संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं, खाऊ घातलं, पुन्हा झोपू दिलं. बोलणं त्यानंतर. नियमशास्त्रात दर्शनमंडपाची सेवा करणाऱ्या लेव्यांना पन्नाशीला जड कामातून मोकळं करायची तरतूद होती, आणि तरीही दर्शनमंडपात भावांना साहाय्य करायची मुभा होती. आपल्याकडे पदं सुटत नाहीत आणि ओझीही सुटत नाहीत. मुदत ठरवा. मोकळं करताना उपासनेत उभं करून प्रार्थना करा.

आणि काही जण एकदा पडलेले आहेत. मार्क म्हटलेला योहान पंफुल्यात पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांची साथ सोडून परतला. पौलाने त्याला पुन्हा बरोबर घ्यायला साफ नकार दिला, एवढा की बर्णबाशी त्याची फारकत झाली. बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला. तिथे काय घडलं ते लिहिलेलं नाही. पण तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी तोच पौल म्हणतो की मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. तुमच्या पंच मंडळींत पौल पुष्कळ असतील. एखादा बर्णबा आहे का?

हे सगळं करूनही कोणी नाही म्हणेल. मान्य आहे. काहींना खरोखरच नको असतं, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करण्यापलीकडे तुमच्या हाती काही नाही. माझा आग्रह एवढाच की आधी विचारा, मग नकार मोजा.

विचाराल तेव्हा घरी या. १८५५ मध्ये बॉस्टनमध्ये एडवर्ड किंबल नावाचे संडे स्कूलचे शिक्षक आपल्या वर्गातल्या एका तरुणाला भेटायला तो काम करत असलेल्या बुटांच्या दुकानात गेले. दुकानाजवळ पोहोचता पोहोचता त्यांचं मन अडखळलं होतं, जावं की नाही म्हणून. तरी ते आत गेले. तो तरुण मागच्या बाजूला बूट गुंडाळून फळीवर ठेवत होता. तो म्हणजे ड्वाइट मूडी. मंडळीत सभासद म्हणून घेण्यासाठी त्याची तोंडी परीक्षा झाली तेव्हा त्याला नीट उत्तरं देता आली नाहीत आणि त्याला थांबायला सांगितलं गेलं. पुढे त्याने हजारोंच्या सभांमधून शुभवर्तमान सांगितलं. हे सांगतो ते ‘मागच्या बाकावर मूडी बसला आहे’ असं भासवण्यासाठी मुळीच नाही, बहुधा तिथे माझ्यासारखा किल्लीवाला बसला असेल. किंबल आत गेले, हे मला महत्त्वाचं वाटतं.

येताना काम ठरवून या. ‘काहीतरी करा ना मंडळीसाठी’ याला कोणी हो म्हणत नाही. कोणतं काम, आठवड्याला किती वेळ, कधीपर्यंत, सोबत कोण, आणि हे काम याच माणसाला का, एवढं तुमच्यापाशी तयार हवं. शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, कारण त्याचं उत्तर देण्यासाठी तुम्ही त्या माणसाकडे आधी पाहिलेलं असावं लागतं. मग काम त्याच्या हाती सोडा. त्याने खुर्च्या तुमच्यापेक्षा वेगळ्या मांडल्या तर मांडू द्या.

रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौल पंचवीसहून जास्त माणसांची नावं घेतो. तोवर तो रोमला एकदाही गेलेला नव्हता. तरी कोणी श्रम केले, कोणी त्याच्यासाठी जीव धोक्यात घातला, कोणाची आई त्यालाही आईसारखी झाली, हे त्याला माहीत होतं. पत्र लिहून घेणाऱ्या तर्तियालाही त्याने स्वतःच्या नावाने सलाम लिहू दिला. माझी एक विनंती आहे. पुढच्या सभेला बसाल तेव्हा सभासदांची वही उघडा आणि प्रत्येक पंचाने अशी दोनच नावं निवडावीत ज्यांना आजवर कोणी काही मागितलेलं नाही. महिनाभर त्या दोघांसाठी रोज प्रार्थना करा. मग त्यांच्या दारी जा.

किल्ल्या आता माझ्याकडे नाहीत. गेल्या वर्षी दहावीतला एक मुलगा उपासनेआधी बाहेर कठड्यावर बसलेला दिसू लागला, एकटाच. चार रविवारांसाठी त्याला विचारलं. मी खालच्या पायरीवर बसलो. वेस्ट्रीची किल्ली अर्धी घालून वर उचलायची, हे त्याला दुसऱ्याच रविवारी जमलं. आता मी पुन्हा शेवटून दुसऱ्या बाकावर बसतो. तिथे उजव्या टोकाला खांबाआड एक गृहस्थ बसतात. गीतं ते पुस्तक न उघडता, सगळी कडवी तोंडपाठ म्हणतात, अगदी हळू. गेल्या रविवारी मी त्यांना नाव विचारलं. या रविवारी तुम्हीही उपासना सुटल्यावर दाराशी हात मिळवत उभे राहू नका. त्यांच्याकडे या, मी तुमची ओळख करून देतो.

ख्रिस्तात आपला,
मंडळीचा एक सभासद